फॉर्मकाका आणि परत येणारी मुलं

शाळेत क्लार्क म्हणून त्यांना तीस वर्षं झाली, पण गावात क्लार्क त्यांना कुणी म्हणत नाही. फॉर्मकाका म्हणतात. बारावी झालेल्या पोराचा विद्यापीठाचा फॉर्म भरायचा तो काकांनीच. दाखले जमवायचे, फोटो चिकटवायचे, वर बापालाही पटवायचं. आजवर चौदा मुलं पाठवली, त्यातली आठ पहिल्याच महिन्यात परत आली. कुणाला पाणी मानवलं नाही, कुणाला करमलं नाही. काकांनी हात टेकले होते.

पंधरावी गवंड्याची मुलगी. गणितात तिच्यासारखी शाळेनं पाहिली नव्हती. सोमवारी गेली, शुक्रवारी ट्रंकेसकट दारात. आता येत्या सोमवारी संध्याकाळपर्यंत हजर झाली नाही, तर वसतिगृहातली खोली दुसरीला जाणार होती.

रविवारी काका चप्पल शोधू लागले तशी बायको म्हणाली, "निघाली स्वारी! दूध आणायला गुडघे दुखतात, गावभर हिंडायला नाही दुखत."

"एकदा विचारून येतो तिला."

"आठ जणांना विचारलंत की."

विचारलं कुठे होतं? नुसते रागावले होते.

गवंडी दारातच होता. "बघा बुवा तुम्हीच. कुणी काही बोललं का म्हणावं, तर तेही नाही."

"कुणी काहीच बोललं नाही, काका," मुलगी आतून म्हणाली. "तेच तर. चार दिवस वर्गात बसले. एकदाही हजेरी घेतली नाही. म्हटलं, यादीत आपलं नाव नसणार. कुणी उठवायच्या आत उठलेलं बरं."

"अगं, मग ऑफिसात विचारायचं!"

"काय विचारू? मी आहे का, म्हणून?"

गवंड्याला हसू फुटलं. मुलीचा चेहरा पाहून त्यानं ते गिळलं.

काकांनी कपाळाला हात लावला. बारा वर्षं या मुलांनी रोज सकाळी नाव ऐकलं, 'हजर' म्हटलं आणि मगच पुस्तक उघडलं. ती हजेरीपटातली नावं लिहिली काकांनीच. तिकडे हजेरी घेत नाहीत हे त्यांना तरी कुठे ठाऊक होतं? विद्यापीठ त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. इथं बसून उंटावरून शेळ्या हाकल्या, झालं.

सोमवारी पहिल्या बसनं काका तिला घेऊन निघाले. चार तास. ती आठ मुलं कशानं परतली असतील, हे वाटेत सारखं मनात येत होतं. एक टायरच्या दुकानात आहे, दोघींची लग्नं झाली. आता विचारून तरी काय उपयोग?

ऑफिसातल्या क्लार्कनं मान वर न करता यादी पुढे सरकवली. "हे काय, सत्तेचाळीस नंबर. पहिल्या दिवसापासून आहे."

"आणि हजेरी?"

"इथं कोण घेतंय? मोठी झाली ना मुलं."

"हे त्यांना कुणी सांगतं का?"

"त्यात सांगायचं काय?"

भांडायचं त्राण नव्हतं. वर्ग तिसऱ्या मजल्यावर. वर पोचेपर्यंत काकांचे गुडघे बोलू लागले होते. दाराशी मुलगी अडखळली.

"काका, एकदा तुम्ही नाव घ्या ना माझं."

"आज घेईन. उद्या?"

तिनं दारातून आत डोकावून पाहिलं.

"यादी डोळ्यांनी पाहिलीस ना? मग बस जा."

ती गेली, अगदी मागच्या बाकावर टेकली. प्राध्यापक आले आणि कुणाकडेही न बघता फळ्यावर लिहू लागले. तिनं एकदा दाराकडे पाहिलं. काका खांबाआड सरकले आणि तिथंच भिंतीला टेकून उभे राहिले, पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. ती बाहेर आली नाही. मग कठडा धरून, एकेक पायरी बघत, ते जिना उतरायला लागले.