मधली कोरी जागा

"हे चुकलंय. आज्जींना दिशाच कळत नाही. पुन्हा काढून घ्या, नाहीतर गाळा," सर म्हणाले. माझ्या तोंडावर. माझा कागद दोन बोटांत धरून.

"हो, सर," माझी नात म्हणाली.

सर परके. चटका बसला तो नातीच्या "हो, सर"चा.

नात डॉक्टर आहे, गोळ्या देणारी नव्हे. पीएचडीच्या पुढचं संशोधन करते. माणसाला वाट कशी कळते, मेंदूत दिशा कुठं उमटते, असलं. सरांच्या हाताखाली. म्हाताऱ्यांनी लहानपणचं गाव कागदावर काढायचं होतं. म्हणून मी कुंभारीहून शहरात, सात रस्त्याला आले, एकटी. दिशा न कळणारी बाई!

करमाळ्याकडचं माझं गाव काढलं. महारवाडा, ओढा, बाभळी, गावाच्या कडंकडंनं शाळेपर्यंतची वाट. मधे काहीच नाही. कोरं.

मधून जायची आम्हाला बंदी होती. आणि मी? आठ वर्षांचं येडं ध्यान! मला वाटायचं, आमचे पाय बळकट म्हणून लांबची वाट आम्हाला दिलीय. वर्गात मिरवायचे, "आमची वाट तुमच्यापरीस मोटी हाय की!" पोरं हसायची. मीही हसायचे. एकदा मधल्या गल्लीत माझं पाऊल पडलं, तर तिथल्या वाड्याच्या मालकानं आईला तिथंच नाक घासायला लावलं. मी शेजारी उभी. "पुन्हा न्हाय येनार, मालक," म्हणाले. शहाणी!

नातीनंच सांगितलं होतं, त्यांच्या प्रयोगातला उंदीर जिथं हिंडतो तिथलाच नकाशा त्याच्या डोक्यात तयार होतो.

मी सरांना म्हणाले, "उंदराला तरी तुमी हिंडू देता. मला कुनी दिलं? कागद बरोबर हाय. गावच तसं व्हतं."

सर हसले. "आज्जी, हे लिहायला फॉर्ममध्ये जागा नसते." आणि निघून गेले.

नातीची नोकरी त्यांच्या सहीवर. ती खाली बघत होती. मान अगदी माझ्यासारखी वाकते. आठ वर्षांच्या माझ्यासारखी.

"आज्जी, ऐक की. मधे एक देऊळ काढ, चावडी काढ. झालं."

"बघितलीच न्हाईत ती मी, पोरी."

तिच्या डोळ्यांत पाणी. माझ्या हातात नवा कागद. उद्या पुन्हा बोलावलंय.

जाणार. देऊळ काढणार नाही. सरांसाठी नाही, नातीच्या नोकरीसाठीही नाही. मधली जागा कोरीच राहील, आणि ती का कोरी आहे ते तिच्यातच मी माझ्या हातानं लिहीन. गाळायचं तर वाचून गाळा.