चितळीची बारा अंडी

जनावरांच्या दवाखान्यात मी उभा जन्म काढला. कुणी भुताखेताच्या गोष्टी काढल्या की मी उठून जायचो... आजही जातो. त्यामुळं खाली लिहितोय ते ऐकीव नाही. माझ्या हातानं तपासलेलं आहे.

निजामाच्या अमलातली गोष्ट. मी मोमिनाबादला — म्हणजे आताच्या अंबाजोगाईला — ढोरांच्या दवाखान्यात सलोतरीसाहेबांच्या, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांच्या, हाताखाली कंपाउंडर होतो. माझी थोरली बहीण, येसूआक्का, नांदूरघाटला एकटी राहायची. नवरा वारल्यावर सासरच्यांनी तिला गावाच्या कडेची एक खोली आणि मागचं परसू तेवढं दिलेलं. त्या परसात तिनं सोळा कोंबड्या पाळल्या होत्या. अंडी आणि तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, विकून, कुणाच्या दारात न जाता ती जगत होती.

पौषात रजा काढून मी तिच्याकडं गेलतो. दुसऱ्या दिवशी सकाळी खुराडं उघडलं, तर चार कोंबड्या बाहेरच येईनात. पिसं फुगवलेली, चोच उघडी, माना वाकड्या. मानमोडी — बघताक्षणी ओळखली. तेव्हा यावर औषध नव्हतं. दुपारपर्यंत परसातल्या पंधराही गेल्या. शेजारच्या हुसेनबीच्या दोन होत्या, त्याही गेल्या.

शेवटची उरली ती चितळी, ठिपक्यांची सोळावी कोंबडी. ती घरात, कोपऱ्यातल्या पाटीत बारा अंड्यांवर खुडूक बसलेली. तिथंच तिची मान पडली. मी तिला मागच्या दगडावर चिरून बघितलं. श्वासनळी लालभडक, पोटात रक्ताचे ठिपके. शंकेला जागाच नव्हती. ओढ्याकाठी खड्डा खणून सगळ्या पुरल्या, वर चुना टाकला, बाभळीचे काटे रचले.

परत आलो तर आक्का उंबऱ्यात बसलेली.

"आता माझ्याकडं चल," मी म्हणालो. "इथं काय राह्यलंय?"

"तुज्या बायकोच्या चुलीपाशी किती दिस बसू मी?"

"मग काय करशील?"

ती उठली. आत गेली, अंड्यांवर हात ठेवला. "महादू, गरम हायत रं."

"आत्ताच तर मेली. सकाळपर्यंत गार पडतील. मग टाकून देऊ."

सकाळी रांजणात हात घालवत नव्हता, इतका गारठा. अंडी मात्र गरम. कोंबडीच्या पोटाखालून काढावीत तशी. मला पहिला संशय आक्काचाच आला — निखाऱ्याचं गाडगं ठेवलं असणार. तोंडावर विचारलं.

"तुजा इस्वास नसंल तर तू ठिव तुज्यापाशी," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं मलाच वाईट वाटलं. पण मी तसंच केलं.

हुसेनबीच्या घरात कापूस ठेवायची कोठडी रिकामी होती. दगडी भिंती, खिडकी नाही, दार एक. पाटी तिथं ठेवली. प्रत्येक अंड्यावर कोळशानं फुली मारली आणि फुल्या वर केल्या. भुईवर राख भुरभुरली. दाराला माझं कुलूप, किल्ली माझ्या करगोट्याला.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आक्का आणि हुसेनबी दोघींना समोर उभं करून दार उघडलं. राख जशीच्या तशी. उंदराचासुद्धा पाय नाही. अंडी गरम... आणि बाराच्या बारा फुल्या खाली.

कोंबडी पाळणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. बसलेली कोंबडी चोचीनं अंडी फिरवते.

मी परत फुल्या वर करायला वाकलो, तर हुसेनबी हळूच म्हणाली, "म्हादूभाई, कावून लई तपासता? बसू द्या की तिला."

तरी मी सोडलं नाही. रजा वाढवली. सहा दिवस तेच कुलूप, तीच राख. रोज सकाळी फुल्या खाली. सातव्या दिवशी कोठडीतून चिवचिव ऐकू आली. नऊ पिल्लं निघाली, तीन अंडी वाया गेली. मी आक्काला बजावलं, "रोगाच्या घरातली पिल्लं आहेत. जीव लावू नको, जगायची नाहीत."

"बगू," ती म्हणाली.

आठवडा झाला तरी नऊच्या नऊ ठणठणीत. मी निघायच्या दिवशी, भर दुपारी, पिल्लं परसात चरत होती आणि घार खाली आली. मी काठी घेऊन धावलो, पण अंतर फार होतं. आई नसलेली पिल्लं अशा वेळी दाही दिशांना पांगतात. ही पांगली नाहीत. परसाच्या मध्यावर, उघड्या जमिनीवर, एकमेकांना चिकटून खाली बसली, आणि पंखाखालून काढावीत तशी इवलाली मुंडकी बाहेर काढली. घार हातभर अंतरावर आली. तिथंच अंगावर कुणी झेपावल्यासारखी बिचकली, एक पीस गाळलं आणि ओढ्याकडं निघून गेली.

दारात आक्का उभी होती. तिनं पदर डोळ्यांना लावला. मी काठी खाली ठेवली.

मोमिनाबादला साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अंड्यात जीव धरला की त्याचीही थोडी ऊब असते." मी विचारलं, "साहेब, मग फुल्या कुणी फिरवल्या?" त्यांनी पुढचा बैल आत घ्यायला सांगितला.

त्या नऊ पिल्लांवर आक्काचं परसू पुन्हा भरलं. ती शेवटपर्यंत नांदूरघाटलाच राहिली, स्वतःच्या चुलीवर भाकरी थापून. मानमोडीनं मेलेल्या कोंबड्या पुढं मी शेकड्यानं पाहिल्या. असं पुन्हा कधी पाहिलं नाही. हे का झालं, मला सांगता येत नाही. झालं, एवढं मात्र मी छातीठोक सांगतो.