शिंपल्याच्या नक्षीचे चमचे

बुद्धपौर्णिमेला संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे सबनीस काका-काकू आमच्याकडे खीर खायला आले होते. आम्ही कर्वेनगरच्या या सोसायटीत येऊन फार दिवस झाले नाहीत, त्यामुळे ओळख अजून जिन्यातल्या नमस्कारापुरतीच होती.

पाहुणे आले म्हणून मी आईचे ठेवणीतले चमचे काढले. दांड्याच्या टोकाला शिंपल्याची नक्षी असलेले, चांगले वजनदार. आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली... ते चमचे तिनं कधीतरी जुन्या बाजारातून आणले होते आणि पाहुण्यांशिवाय कुणाच्या हाती लागू द्यायची नाही.

सबनीस काकांनी चमचा निरखून पाहिला आणि म्हणाले, "अरे वा, हे तर आमच्या क्लबातले चमचे. कुठून मिळवलेत?"

ते सहज बोलले होते. बाबा त्याच क्लबात आयुष्यभर बेअरर होते, हे त्यांना कुठून माहीत असणार... बाबांनी शांतपणे सांगितलं, "मी तिथंच होतो नोकरीला, साहेब." काकांनी चमचा वाटीत ठेवला. काकू खिरीत चारोळी छान लागते म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं ते दोघं गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बाबांनी सगळे चमचे धुऊन, पुसून कापडी पिशवीत भरले होते. म्हणाले, "क्लबात देऊन येतो."

मी विचारलं, "बाबा, आईनं विकत आणलेत ना ते?"

"आणलेच. पण विकणाऱ्यानं कुठून आणले होते?" ते म्हणाले. "मी तेव्हा विचारलं नाही. नक्षी तीच आहे, हे मलाही दिसत होतं की."

मग त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितलं... क्लबात एखादा चमचा कमी भरला की सगळ्या बेअररना भिंतीशी उभं करून पिशव्या तपासायचे. बाबांच्या पिशवीत कधी काही सापडलं नाही. आणि आता या वयात कुणी म्हणालं तर, की याच्या घरात अख्खा संच आहे...

मी म्हटलं, दोन दिवस द्या मला. आधी बघू तरी.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते. एखादी गोष्ट दिसते तशीच आहे असं आधी धरायचं नाही, एवढं तरी त्या नोकरीनं शिकवलंय. टूथपेस्ट लावून एक चमचा मागून घासला. काळं निघालं तसा दांड्यावर एक बारीक ठसा दिसायला लागला. मोबाईलचा टॉर्च तिरका धरला तेव्हा कळलं... चौकटीत एक तारा, आणि शेजारी दोन अक्षरं.

फेसबुकवर जुनी भांडी जमवणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. तिथं फोटो टाकले. लंचपर्यंत नागपूरच्या एका बाईंचं सविस्तर उत्तर आलं, सोबत त्यांच्याकडच्या तशाच चमच्याचा फोटो.

त्यांनी लिहिलं होतं, शिंपल्याची नक्षी कुणा एकाची नसते, इंग्लंडपासून इथपर्यंत सगळेच काढायचे. बनवणारा ओळखायचा तर चमचा पालथा करायचा. हा तारा मुरादाबादच्या एका कारखान्याचा, आता बंद पडलेल्या. त्यांचा माल भांड्यांच्या दुकानांत सर्रास मिळायचा. क्लबाचा चमचा असेल तर दांड्यावर पुढूनच क्लबाचं चिन्ह असतं.

आमच्या चमच्यांवर पुढून काहीच नव्हतं. घासून काढल्याची खूणही नव्हती. मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण पिशवी काही सोडली नाही... "क्लबातला चमचा मी रोज पुसायचो. पुढचं चिन्ह आता नीट आठवत नाही, आणि पालथा करून तर कधी वाचला नाही," एवढंच म्हणाले.

शेवटी मी सबनीस काकांचं दार वाजवलं आणि सगळं सांगितलं. क्लबातल्या एका चमच्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून आणाल का, एवढंच विचारलं. काकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "फोटो कशाला? वडिलांना घेऊन या. आपण तिघं चहाला जाऊ."

बाबा येतील असं मला वाटलं नव्हतं. पण इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले. आमचा एक चमचा खिशात.

क्लबाच्या व्हरांड्यात बसलो. चहाचा ट्रे आला तसे बाबा सवयीनं अर्धे उठले... ट्रे घ्यायला. काकांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "बसा हो गायकवाड. आज आपण पाहुणे."

टेबलावर दोन चमचे शेजारी शेजारी ठेवले. शिंपला अगदी सारखा. पण क्लबाच्या चमच्यावर पुढून चिन्ह कोरलेलं, आणि पालथा केल्यावर एका इंग्रजी कंपनीचं लांबलचक नाव. आमच्यावर तो तारा. कुठल्याच बाजूनं मेळ नाही.

बाबांनी दोन्ही चमचे हातात घेऊन पुन्हा पुन्हा उलटेपालटे करून पाहिले. मग आमचा खिशात ठेवला आणि इतका लांब श्वास सोडला, की माझ्याच खांद्यावरचं काहीतरी उतरलं.

काका म्हणाले, "माझं चुकलं. खीर चांगली होती, मी खिरीवर बोलायला हवं होतं." बाबा हसले. पौर्णिमेनंतर पहिल्यांदा. मग दोघं क्लबातल्या जुन्या खानसाम्याच्या कटलेटवर असे काही बोलत बसले, की माझा चहा संपून गेला तरी कुणाचं लक्ष नव्हतं.

घरी आल्यावर मी नागपूरच्या त्या बाईंना भलामोठा आभाराचा मेसेज लिहिला. त्यांचं उत्तर आलं, "अहो, चमच्यांसाठी एवढे आभार कशाला?"

त्यांना सगळं काही सांगितलं नाही. इतकंच लिहिलं, की तुमच्या उत्तरानं आमच्या घरातला एक माणूस आज क्लबाच्या खुर्चीत निवांत टेकून बसला...