माहेरच्या घाटाला होडी लावली

आमचं शेत मांडवगण फराट्याच्या शिवारात, भीमेच्या काठाला. पलीकडचा काठ दौंड तालुक्याचा, आणि तिथंच माझं माहेर. आमच्या बांधावरून भावाचा ऊस दिसतो. पण जायचं म्हणजे पुलावरून मोठा वळसा. लग्न झाल्यापासून मी तो वळसा घेतच आले.

माझे मालक सणसवाडीच्या एका कंपनीत वेल्डर होते. निवृत्त झाले आणि गोठ्यामागं लोखंडी पत्रा जोडून होडी करत बसले. लांबच लांब आणि अरुंद, दोन माणसं शेजारीशेजारी जेमतेम मावतील अशी ती होडी. येणारे-जाणारे विचारायचे, "जनावरांना हौद करताय का?" हे मान वर न करता म्हणायचे, "व्हय, चालता हौद हाय." मासे धरणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून जुनं डिझेल इंजिन आणलं, वर सावलीला शेडनेट ताणलं. मला वाटायचं, पाण्यात घातली की बुडणार.

थंडीचे दिवस होते. बंधाऱ्याला पाणी अडवायचे ढापे टाकलेले, त्यामुळं नदी काठोकाठ भरून संथ पडली होती. सकाळी आम्ही निघालो: हे, मी आणि माझे सासरे. त्यांना सगळेच आबा म्हणतात. आबांची उमर मेंढरांमागं गेली. नद्या किती ओलांडल्या त्याला गणती नाही, पण होडीत पाय पहिल्यांदाच ठेवत होते. पुढच्या टोकाला घोंगडी टाकून बसले. डब्यात भाकरी, भरीत आणि ठेचा. काम काहीच नव्हतं.

रमतगमत चालणाऱ्या माणसानंही मागं टाकावं, इतक्या सावकाश होडी चालली. काठावर मोटर चालू करायला आलेल्या एकानं हाक मारली, "आबा, कुठं निघालात?"

"कुठंच न्हाई. फिरतोय," आबा म्हणाले, आणि पटक्याचा शेव नीट केला.

थोड्या वेळानं इंजिनात डिझेल ओतायचं म्हणून ह्यांनी सुकाणूचा दांडा माझ्या हातात दिला. मी उजवीकडं ढकलला आणि होडी डावीकडच्या लव्हाळ्यात घुसली.

"उलटं असतंय ते," हे शांतपणं म्हणाले. "जिकडं जायचं, त्याच्या इरुद्ध ढकल."

दोन-तीनदा चुकले, मग हाताला समजलं. ह्यांनी दांडा परत मागितला नाही आणि मीही दिला नाही.

पुढं पंख्यात जलपर्णी अडकली आणि इंजिन बंद पडलं. ह्यांनी पंख्याचा दांडा पाण्याबाहेर उचलून धरला, मी विळ्यानं एकेक मूळ कापून काढलं. कोपरापर्यंत चिखल. पण इंजिन पुन्हा चालू झालं तेव्हा मी कुणाला न विचारताच होडी पलीकडच्या काठाकडं वळवली. आबांनी मागं वळून एकदा बघितलं फक्त.

माहेरच्या घाटावर बाया धुणं धूत होत्या. त्यात माझी भावजय होती. तिनं कपाळावर हात धरून बघितलं आणि हातातलं लुगडं तसंच दगडावर टाकलं. "आवो, ताई चालवत्यात," ती मळ्याकडं तोंड करून ओरडली. भाऊ धावतच खाली आला.

मी इंजिनाचा वेग कमी केला. होडी हळूच पायरीला टेकली, धक्कासुद्धा बसला नाही. भाऊ ह्यांना म्हणाला, "दाजी, झ्याक लावली की."

"मला काय सांगतो? ड्रायव्हर मागं बसलीय," हे म्हणाले.

बाया माझ्याकडं बघत होत्या. एरवी मी पिशव्या सांभाळत, यष्टीतून उतरून, अवघडलेल्या पायांनी त्या घरात शिरायचे. आज पदर खोचून, चिखलाच्या हातांनी उभी होते, आणि मला कशाचीच लाज वाटत नव्हती. ऊर भरून आला होता. भावजयीला बसवून मी समोरच्या वळणापर्यंत फिरवून आणली. आधी ती होडीचा काठ घट्ट धरून बसली होती, परतताना तिनं पाण्यात हात सोडला. मग भावाकडं चहा झाला, आणि उन्हं कलायच्या आत आम्ही परतलो. येतानाही दांडा माझ्याकडंच होता.

दुसऱ्या दिवशी डेअरीला दूध घालून येत होते. पारावर आबा आपल्या जोडीदारांना सांगत होते, "पोरानं बनवली, ते खरं. पर पलीकडं नेली आमच्या सूनबाईनं." मी पदर सावरला आणि मुद्दामच त्यांच्या समोरून, सावकाश चालत गेले.