मूळ निबंध कुणीच वाचला नव्हता

नोकरीत पाहिलेले बरेच मृत्यू आता चेहऱ्यांसह आठवत नाहीत. भुकूमच्या त्या मुलीचा मात्र आठवतो. त्या वेळी मी मुळशी तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. या प्रकरणातल्या कुणाचंही नाव मी इथे लिहिणार नाही. ज्या रानवेलीच्या पावडरीवरून सगळं घडलं तिचंही नाही. एकही नाव लिहिलं तर त्याच्या मागानं उद्या कुणीतरी ती शोधत निघेल.

रुग्णालयातून सकाळी खबर आली. सव्वीस वर्षांची मुलगी, दाखल करण्यापूर्वीच मृत. हिंजवडीतल्या कंपनीत नोकरी, मूळ गाव मराठवाड्यात, भुकूमला एका शेतकरी कुटुंबाच्या नव्या इमारतीत भाड्याने राहणारी. सोबतची मैत्रीण गावी गेली होती. ती परतली तेव्हा ही अंथरुणात निपचित पडलेली. आकस्मिक मृत्यूची नोंद केली, पंचनामा झाला, व्हिसेरा राखून ठेवला.

दुपारपर्यंत वडील पोहोचले. एस.टी.त कंडक्टर होते, निवृत्तीला आलेले. माझ्यासमोर खुर्चीत बसायला तयार होईनात.

"साहेब, तिचं लग्न ठरलं होतं. त्या मुलानंच काहीतरी दिलंय तिला."

"असं का वाटतं तुम्हाला?"

"मग दुसरं काय वाटायचं? परवा फोनवर हसत होती माझी पोरगी."

होणाऱ्या जावयाला बोलावलं. तोही आयटीतला, सरळ वाटणारा. त्याचे फोन, येणं-जाणं सगळं तपासलं. त्याच्याकडे बोट दाखवावं असं काही निघालं नाही. तो एवढंच म्हणाला, "तिला लहानपणापासून मधुमेह आहे हे मला माहीत होतं, सर. मला चालत होतं. माझ्या आईला सांगू नको असं तीच म्हणायची."

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी प्राथमिक मत दिलं तेव्हा मधुमेहाच्या त्या बोलण्याचा अर्थ लागला. विषप्रयोगाची खूण नव्हती. या प्रकारच्या मधुमेहात शरीर इन्सुलिन तयारच करत नाही. इंजेक्शन थांबलं की काही दिवसांतच रक्तात आम्ल साचतं आणि माणूस बेशुद्ध होतो. डॉक्टर म्हणाले, "हिचं इन्सुलिन बंद झालं होतं. का, ते तुम्ही शोधा."

ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही. घरमालकीण दुसऱ्या दिवशी स्वतःहून ठाण्यात आली. डोक्यावरचा पदर सारखा करत दारातच थांबली. पोलीस ठाण्यात बाई माणूस असं आपणहून येतं तेव्हा तिला आधी पाणी द्यावं आणि घाई करू नये, हे मी अनुभवानं शिकलो होतो.

"बोला मावशी."

"सायेब, पोरगी लई गुणाची व्हती. कुनाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई. पन मागल्या आठवड्यात घंटागाडीच्या पिशवीत मला तिच्या औषदाच्या बाटल्या दिसल्या. भरल्याल्या. म्या इचारलं, ह्ये कशापायी टाकतीयास गं? तर म्हनली, मावशी, लगीन जवळ आलं, आता सुया बंद. पावडर घेतीय. कागदोपत्री सिद्ध झाल्याली हाय."

"कागदोपत्री? असंच म्हणाली?"

"व्हय. आन् हसली. मला काय कळतंय त्यातलं? शिकल्याली पोर हाय, म्हनलं, वाचूनच करत आसंल."

मावशी रडायला लागली. तिला समजावून घरी पाठवलं आणि खोलीची पुन्हा झडती घेतली. पावडरीचा डबा स्वयंपाकघरातच मिळाला. डब्यासोबतच्या पत्रकावर ठळक अक्षरात छापलं होतं, "इन्सुलिनची गरज राहत नाही." वाक्याच्या शेवटी वर बारीक आकडा होता आणि खाली एका इंग्रजी शोधनिबंधाचा उल्लेख.

पावडर घोटावड्याच्या बाजूला एका शेडमध्ये तयार होत होती. मालक चाळिशीचा, विज्ञानाचा पदवीधर. अशा धंद्यातली माणसं एक तर गयावया करतात नाहीतर ओळखी सांगतात. यानं दोन्ही केलं नाही. शांतपणे फाईल माझ्यापुढे सरकवली.

"साहेब, मी शास्त्राच्या आधाराशिवाय एक अक्षर छापलेलं नाही. हा निबंध बघा. हे वाक्य बघा. त्याच्यापुढे संदर्भ आहे. मी वैदू नाही."

"तुमच्या औषधानं मुलगी गेली आहे."

"माझी आई तीन वर्षं हेच घेते. ठणठणीत आहे. संशोधन खोटं असेल तर संशोधकांना धरा."

चोरीचा माल, खोटा दस्त, बनावट शिक्का हे मला कळत होतं. इंग्रजी शोधनिबंधापुढे काय करायचं ते ठाऊक नव्हतं. ठाण्यात एक महिला उपनिरीक्षक होत्या, रसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी. झालेल्या. तपासाचा तो भाग त्यांच्याकडे दिला.

"सर, शोधनिबंधात प्रत्येक गोष्ट लेखकानं स्वतः करून पाहिलेली नसते," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यानं सिद्ध केलेलं घेतलं, तर ते कुठून घेतलं हे सांगावं लागतं. त्याचं श्रेय त्याला मिळतं आणि वाचणाऱ्याला मुळापर्यंत जाऊन खात्री करता येते. त्यासाठी संदर्भ."

"म्हणजे जबाबासारखंच. मला अमक्यानं सांगितलं."

"हो सर. पण मग त्या अमक्याला विचारायला हवं."

त्या विचारत गेल्या. पत्रकात ज्या निबंधाचा आधार होता, त्याच्या लेखकांनी पावडरीवर कसलाही प्रयोग केलेला नव्हता. इतरांच्या संशोधनाचा आढावा घेतला होता, आणि "गरज राहत नाही" हे वाक्य आणखी एका निबंधाच्या हवाल्यानं लिहिलं होतं. त्या निबंधात "गरज फारशी राहत नाही" असं होतं, आणि तोही तिसऱ्या, वीस-बावीस वर्षं जुन्या निबंधाकडे बोट दाखवत होता. तो तिसरा खरा प्रयोगाचा. त्याच्या सुरुवातीच्या गोषवाऱ्यात होतं, "इन्सुलिनची गरज कमी झाली." एकाकडून दुसऱ्याकडे जाताना एकेक शब्द गळत गेला होता.

मधल्या निबंधाचे लेखक दुसऱ्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयात शिकवत होते. त्यांना चौकशीला बोलावलं. तुम्ही मूळ निबंध वाचला होता का, असं मी विचारलं.

"गोषवारा वाचला होता. संपूर्ण निबंध आमच्याकडे मिळत नाही."

"न वाचता संदर्भ दिलात?"

"साहेब, बरेच जण असंच करतात. संदर्भ नसले तर निबंध परत येतो."

संपूर्ण मूळ निबंध उपनिरीक्षक बाईंनी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मिळवला. प्रयोग उंदरांवर होता, पण गोषवाऱ्यात तसा उल्लेख नव्हता. पावडर देऊन काही उंदरांचं इन्सुलिन थोडंसं कमी करता आलं होतं. आतल्या पानावर मात्र स्पष्ट लिहिलं होतं, की ज्या उंदरांचं इन्सुलिन पूर्ण बंद केलं त्यातला एकही जगला नाही.

ते वाक्य त्यांनी मला मराठीत वाचून दाखवलं आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, "सर, आणखी एक आहे. तिचा लॅपटॉप तपासून आलाय."

मुलीनं पत्रकावर आंधळा विश्वास ठेवला नव्हता. तिनं आढाव्याचा निबंध उघडला होता, त्यातला संदर्भ पाहून दुसरा, आणि तिथून तिसरा. मूळ निबंधाच्या पानापर्यंत ती पोहोचली होती. तिथे गोषवारा फुकट दिसत होता, पुढचं वाचायला शुल्क होतं. तिनं गोषवारा वाचला, गरज कमी झाल्याचं पाहिलं आणि पान बंद केलं. तोपर्यंत तिला तीन ठिकाणी एकच गोष्ट दिसली होती. तिला ते तीन साक्षीदार वाटले असणार. खरं तर साक्षीदार एकच होता आणि त्याचं बोलणं अर्ध्यावर तोडलेलं होतं.

पावडरवाल्याला पुन्हा बोलावून आतलं पान त्याच्या हातात दिलं. त्यानं दोनदा वाचलं. त्याच्या आईचा मधुमेह वेगळ्या प्रकारचा होता, ती गोळ्यांवर होती, इन्सुलिनवर कधीच नव्हती. हा फरक त्याच्या आत्ता लक्षात आला. "मला हे कुणी दाखवलंच नाही," असं तो पुटपुटला. त्याला अटक केली. तेव्हा भारतीय दंड विधान लागू होतं. निष्काळजीपणानं मृत्यूला कारणीभूत होण्याचं कलम आणि औषधांच्या खोट्या जाहिरातीचा कायदा लावून दोषारोपपत्र दाखल केलं.

मूळ निबंधाच्या लेखकाचा जबाब राहिला होता. निवृत्त प्राध्यापक, पुण्यात राहणारे, पंच्याहत्तरीच्या आसपास. त्या वयाच्या साक्षीदाराला ठाण्यात बोलवता येत नाही, म्हणून आम्ही घरी गेलो. जबाब ही औपचारिकता ठरेल असं मला वाटत होतं. त्यांनी तर खरं तेच लिहिलं होतं.

चहा आला. मी घटना सांगितली. त्यांनी कप खाली ठेवला तो पुन्हा उचललाच नाही.

"सर, आपला निबंध लोक चुकीचा वापरतात याची आपल्याला कल्पना होती का?" मी सहज विचारलं.

"होती."

मला वाटलं, त्यांनी प्रश्न नीट ऐकला नाही. पण ते बोलू लागले. "पहिल्यांदा कुणी तसं लिहिलं तेव्हाच वाचनात आलं होतं. खुलासा पाठवायचा म्हणून बसलोही होतो."

"मग?"

"आमच्याकडे माणसाचं वजन त्याचे संदर्भ किती जण देतात यावर ठरतं. माझ्या एवढ्या कामात लोक घेत होते तो हा एकच निबंध. बढतीच्या मुलाखतीतसुद्धा यावरच बोलणं झालं. म्हटलं, चुकीचं का होईना, नाव तर घेतात. उंदरांवरचा जुना प्रयोग, कुणाचं काय बिघडणार?" त्यांनी माझ्या कागदाकडे बोट केलं. "हे जबाबात लिहा. वगळू नका."

मी लिहिलं. पण कोणतं कलम लावणार? गप्प राहण्याला कायद्यात गुन्हा म्हणत नाहीत. जबाब वाचून दाखवून आम्ही उठलो, तेव्हा त्यांनी मुलीच्या वडिलांना भेटण्याची इच्छा सांगितली. मी नको म्हणालो होतो. वडीलच तयार झाले.

भेट माझ्याच केबिनमध्ये झाली. दोघं समोरासमोर बसले. वडिलांनीच आधी विचारलं, "सुया बंद केल्या की मरतात, हे तुम्ही लिहिलं होतं म्हणे?"

"लिहिलं होतं."

"मग माझ्या पोरीला का नाही दिसलं? ती तर सगळं वाचायची."

"तिच्यापर्यंत माझं नाव पोहोचलं," प्राध्यापक म्हणाले. "ते वाक्य नाही पोहोचलं. ते पोहोचवणं माझं काम होतं. मी केलं नाही."

वडील त्यांच्यावर ओरडतील असं मला वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आता तरी लिहा."

प्राध्यापकांनी लिहिलं. ज्या नियतकालिकात मूळ निबंध आला होता त्याला त्यांनी सविस्तर खुलासा पाठवला, कुणी कुठे काय चुकवलं ते मांडलं, आपलं मौनही सांगितलं. तो छापून आला. इकडे खटला रेंगाळत राहिला. पावडरवाल्याला किरकोळ शिक्षा झाली तेव्हा मी निवृत्त झालो होतो. उपनिरीक्षक बाई आता बढतीवर दुसरीकडे आहेत. त्या अधूनमधून पाहतात. म्हणतात, जुना निबंध अजून नव्या नव्या लेखांत तसाच चुकीचा येतो. खुलाशाकडे फारसं कुणी जात नाही.

त्या प्रकरणानंतर मी ऐकीव माहितीला घाबरायला लागलो. पूर्वी दहा जण एकच गोष्ट सांगताहेत म्हटल्यावर मला ती पक्की वाटायची. नंतर मी प्रत्येकाला विचारायचो, तू स्वतः पाहिलंस का? बहुतेक वेळा दहाही जणांनी एकाच माणसाकडून ऐकलेलं असायचं, आणि तो माणूस वेगळंच सांगायचा. विद्वानांच्या जगात ही गत नसेल असं मी धरून चाललो होतो. तिथेही माणसंच काम करतात. कामाचा कंटाळा, मोठेपणाची हाव आणि कुणीतरी पाहिलंच असेल हा भरवसा त्यांनाही सुटलेला नाही.

खुलासा छापून आला तेव्हा त्याची प्रत घेऊन मी वडिलांच्या गावी गेलो होतो. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी एकेक ओळ मराठीत सांगत गेलो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग प्रत हातात घेतली आणि खालच्या यादीवरून बोट फिरवत विचारलं, "ही कुणाची नावं?"

"ज्यांनी ज्यांनी निबंध लिहिले त्यांची."

"ज्यांचं चुकलं त्यांचीसुद्धा?"

"हो."

"आणि तिचं?"

मी त्यांना ती ओळ दाखवली. तिथे फक्त 'सव्वीस वर्षांची एक रुग्ण' असं होतं. प्राध्यापकांनी नाव घालायची परवानगी मागितली होती, वडिलांनी ती लगेच दिलीही होती. पण रुग्णाचं नाव छापत नाहीत, असा नियतकालिकाचा नियम होता. मी तो समजावून सांगितला.

त्यांनी मान हलवली. कागदाची नीट घडी घातली आणि आत जाऊन देवघरात ठेवून आले. बाहेर येऊन म्हणाले, "सगळ्यांची नावं आहेत साहेब. तिचंच तेवढं नाही."

मीही ते इथे लिहू शकत नाही.