पाच आठवडे उभ्याने

सत्तरच्या दशकात पिंपरीच्या एका कारखान्यात मी वायंडिंग खात्याची सुपरवायझर होते. विजेच्या मीटरमध्ये बसणाऱ्या तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी करायचं काम. खात्यात आम्ही सगळ्या बायकाच, अठ्ठावीस जणी. लांबलचक टेबलांपाशी प्रत्येकीचं एक लाकडी स्टूल असे.

एका सोमवारी सकाळच्या शिफ्टला आलो तर स्टुलं गायब. आमचे खातेप्रमुख साहेब दारातच उभे होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की परदेशी पाहुणे यायचे आहेत, तेव्हा आता काम उभ्यानेच होईल. कोणी बसलं तर नाव लिहायचं, तीनदा लिहिलं गेलं की मेमो. मला त्यांनी पांढरा कोट आणि लिहायला पॅड दिलं. कोट घातल्यावर मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

पाहुणे मंगळवारी आले, दहा मिनिटं फिरले आणि गेले. स्टुलं काही परत आली नाहीत. बुधवारी नाहीत, पुढच्या आठवड्यातही नाहीत. ‘आता’ म्हणजे किती दिवस, एवढा साधा प्रश्न मी विचारला नाही. बाकीच्या सत्तावीस जणींपैकीही कोणी विचारला नाही. डबा खाताना सगळ्याजणी साहेबांना शिव्या घालायच्या आणि भोंगा झाला की गपगुमान टेबलापाशी उभ्या राहायच्या. त्यांचा मला राग यायचा. स्वतःचा यायला हवा होता, हे सुचलं नाही.

साहेब मीटिंगला पुण्यात गेले की खातं सैलावायचं. कोणी टेबलाला रेलायची, कोणी खाली फतकल मारायची. मी दुसरीकडे बघायचे, त्या दिवशी एकही नाव लिहीत नसे. पण साहेब परत येऊन माझ्या मागे उभे राहिले की माझा हात आपोआप चालायचा. पेन्सिल माझी, अक्षर माझं, आणि तरी मला वाटायचं की लिहिताहेत ते साहेब.

थेरगावची एक बाई होती, नववा महिना लागलेला. दुपारपर्यंत तिचे पाय सुजून चपलेत मावत नसत. एकदा ती भिंतीला टेकून खाली बसली. साहेब शेजारीच होते. ते एक अक्षर बोलले नाहीत, नुसते माझ्या पॅडकडे बघत राहिले. मी तिचं नाव लिहिलं. ते तिसऱ्यांदा होतं. मेमो मीच तिच्या हातात दिला. तिने घडी घालून तो ब्लाउजमध्ये ठेवला आणि परत उभी राहिली. त्या महिन्याअखेर ती बाळंतपणाच्या रजेवर गेली.

पाचव्या आठवड्यात बीडकडची एक नवी बाई लागली. पहिल्याच दिवशी तिने इकडेतिकडे पाहिलं, मागच्या आवारातून तारेचं रिकामं खोकं आणलं, पालथं घातलं आणि त्यावर बसून कामाला लागली. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी तिच्यापाशी गेले.

“इथं बसायचं नाही.”

“का बरं, ताई?”

“तशी ऑर्डर आहे. साहेबांची.”

“मग त्यांनाच विचारून या की, का म्हणून ते. तोवर बसते मी.”

तिच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. खरंच तिला जाणून घ्यायचं होतं. मी तिथेच उभी असताना तिच्या शेजारणीने खोकं आणलं. मग पलीकडच्या दोघींनी. बघता बघता आठ-दहा जणी बसल्या. साहेब काचेच्या केबिनमधून सगळं बघत होते, पण बाहेर आले नाहीत. तेव्हा कुठे मी आत गेले. ते म्हणाले, ऑर्डर मॅनेजरसाहेबांची आहे. तुम्ही त्यांना परत विचारलंत का, असं मी म्हटल्यावर ते टेबलावरचे कागद सारखे करू लागले. पाच आठवडे हा माणूसही माझ्यासारखाच काही न विचारता बसून होता.

मी तशीच मॅनेजरसाहेबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“कसली स्टुलं?” ते म्हणाले. “मी एवढंच म्हटलं होतं की पाहुणे असेपर्यंत मधली वाट मोकळी ठेवा.”

मला हसावं की रडावं कळेना. त्यात स्टोअरकीपर अडून बसला. स्टुलं नेताना त्याने चिठ्ठी मागितली नव्हती, परत द्यायला मात्र चिठ्ठी हवी होती. मीच लिहून सही केली. त्याने ती वाचलीसुद्धा नाही, स्टुलं काढून दिली.

रविवारी मी थेरगावला त्या बाईच्या घरी गेले. मुलगी झाली होती. चूक माझी होती, असं मी तिला सांगितलं.

“तुमी तरी काय करनार, बाई,” ती म्हणाली. “सायेब उभं हुतं ना शेजारी.”

मी चिडलेच. म्हटलं, साहेबांनी तोंडही उघडलं नव्हतं, लिहिलं ते मी. मला शिव्या दे. तिने नुसती मान हलवली आणि माझ्यापुढे चहाचा कप सरकवला. तिने मला इतक्या सहज सोडून दिलं, याचा त्रास मला अजून होतो.

तिचा मेमो फाइलमधून काढण्यासाठी मी तीन महिने खेपा घातल्या. साहेब म्हणायचे ऑफिसात विचारा, ऑफिस म्हणायचं साहेबांचं पत्र आणा. तो काढायचा अधिकार नेमका कुणाला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी एका दुपारी मी फाइल मागून घेतली, कारकुनाच्या देखत तो कागद काढला आणि फाडून टाकला. त्याने विचारलं, कुणी सांगितलं. मी म्हटलं, कुणीच नाही.