वाजवून घेतलेली टाकी

आत्याने एकतीस वर्षं मातीच्या भांड्यांच्या दुकानात नोकरी केली. भांडं उचलायचं, बोटाच्या पेराने टक् करायचं, कान द्यायचा. "हे नेऊ नका, पोटात चीर आहे," असं ती मालकाच्या तोंडावर गिऱ्हाइकाला सांगायची. मालकाने तिला दोनदा काढलं आणि दोनदा परत बोलावलं, कारण लोक दुकानात येऊन तिलाच विचारायचे. माणसंही ती अशीच वाजवून घ्यायची. मीही त्यातून सुटले नाही.

तिच्या तळघरात आतोबांनी बसवलेला बॉयलर आहे. घरभरचे लोखंडी पाइप तोच तापवतो. या हिवाळ्यात त्याच्या दाबाच्या काट्याला वेड लागलं. बॉयलर थंड असताना बारावर, तापला की थेट तिसाच्या लाल रेघेवर. मग दाब सोडणारी झडप उघडायची आणि तिच्या नळीतून कढत पाणी फरशीवर.

रविवारी मी आत्याकडेच होते, तेव्हा दादा आला. दादा म्हणजे आत्याचा मुलगा. हातात मोठी रिकामी बॅग, दिसायला पत्र्याच्या पेटीसारखी.

"आई, पाणी भरायचा नळ तू बंद करायला विसरतेस. आत पाणी जातच राहतं, दाब वाढतो. तुझी चूक नाही गं, वय झालंय."

"गेल्या महिन्यात गॅस चालू ठेवून कोण गेलं होतं? चहा तू केला होतास."

"विषय बदलू नकोस. हे धूड भंगारात देऊ, घराला कुलूप लावू. कपडे भर. माझ्याकडे तुझी खोली तयार आहे."

आत्या तळघरात उतरली. मागोमाग आम्ही. झडपेच्या नळीत लाकडी बूच ठोकलेलं दिसलं.

"हे कुणी केलं?"

"मी, मघाशी. फरशी ओली होत होती."

आत्याने आधी बॉयलर बंद केला. काटा खाली यायची वाट पाहिली, मग पकडीने बूच उपटून त्याच्या हातात ठेवलं. "तोंड दाबल्याने कुणाचा ताप उतरतो का रे? तो बोंबलतोय म्हणून घर उभं आहे. आता ऐक. नळ मी विसरते ना? तूच बंद कर."

दादाने नळ घट्ट पिळला. आत्याने शिवणाच्या डब्यातला काळा दोरा नळाच्या मुठीला आणि पाइपला मिळून गुंडाळला. "गाठ तू मार. तुझी गाठ तुला ओळखता येईल, अजून तरुण आहेस."

बॉयलर गार झाला. काटा बारावर येऊन थांबला. आम्ही जेवलो, भांडी झाली, काटा तिथेच. मग आत्याने बॉयलर पेटवला. वीस. पंचवीस. काटा तिसाला टेकला आणि नळीतून पाणी आलं. दोऱ्याची गाठ जशीच्या तशी.

दादा गाठीकडे पाहत राहिला. "म्हणजे बॉयलरच गेलाय. मी म्हणत नव्हतो?"

"तू नळ म्हणत होतास."

छताच्या तुळईला एक जुनी आडवी टाकी टांगलेली आहे. तापलं की पाणी फुगतं, त्या फुगलेल्या पाण्याला सरकायला जागा म्हणून तिच्यात वर हवा असते. आतोबांनी हे तिला सांगितलं होतं. टाकी उंच होती. आत्याने इकडेतिकडे पाहिलं, दादाची बॅग आडवी केली आणि तिच्यावर चढली.

"आई, पडशील!"

"धर मग. हात काय शोभेला दिलेत?"

तिने टाकीच्या पोटाला पेर टेकवलं. टक्. मग वर, आणखी वर, अगदी माथ्यापर्यंत. सगळीकडे तोच बसका, भरलेला आवाज. माझ्याकडे वळून म्हणाली, "ऐकलंस? काठोकाठ भरलीये. हवाच उरली नाही. पाण्याने पसरायचं कुठे?"

बॉयलर पुन्हा गार होऊ दिला. टाकीकडे जाणाऱ्या पाइपचा कॉक बंद करून तिने तळाची तोटी सोडली. डबडब करत गंजाचं तांबूस पाणी आलं, त्यामागे हवा आत शिरली. सहा बादल्या. सगळ्या दादाने वर नेल्या. मग तोटी बंद, कॉक उघडा. दोरा सोडून नळाने पाणी भरलं, काटा बारावर येताच नळ पुन्हा बंद. बॉयलर पेटला. काटा अठरावर गेला आणि तिथे मुक्काम ठोकून बसला. नळी कोरडी.

दादा पायरीवर बसला. कपाळाला गंज लागला होता.

"आई, पण एकटी कशी राहणार तू?"

"राहतेच आहे. तू विचारलंस मात्र आत्ता." ती त्याच्यासमोर वाकली, डोकं पुढे केलं. "घे, वाजवून बघ. पोकळ लागलं तर ने."

दादाचा हात उठला आणि अर्ध्यावर राहिला. मग त्याने तिच्या केसांतलं जळमट काढलं.

जाताना त्याने बॅग उचलली. झाकणावर आत्याच्या टाचांचे दोन खड्डे पडले होते.

"राहू दे ती इथेच," आत्या म्हणाली. "पुढच्या वर्षी टाकी परत बघावी लागेल. माझी उंची पुरत नाही."